आधी चेंडूफळी लिहा, मग यंत्राला खेळायला बसवा

गेम डेव्हलपमेंट आधी शिकू की मशीन लर्निंग (यंत्राला उदाहरणांतून, अनुभवातून शिकवणं), असं कुणी विचारलं की मी दोन्ही एकाच गेमवर शिकायला सांगते. गेम अगदी साधा हवा. पडद्यावर एक चेंडू, तळाशी डावी-उजवीकडे सरकणारी फळी, उरलेल्या तीन बाजूंना भिंती. चेंडू खाली पडू द्यायचा नाही, एवढाच नियम. आधी हा गेम स्वतः लिहायचा, मग त्यात ठरावीक नियमांनी खेळणारा खेळाडू बसवायचा, मग तुमचा खेळ पाहून शिकणारा, आणि सगळ्यात शेवटी आपल्याच चुकांमधून शिकणारा.

एकाच गेमवर का, तर मशीन लर्निंगमध्ये नवखा माणूस अडतो तो बहुतेक वेळा डेटापाशी. दुसऱ्या कुणी गोळा केलेले आकडे समोर येतात. कुठला रकाना कशाचा, तो कसा मोजला, हे नीट कळत नाही. मॉडेल (डेटावरून शिकून तयार झालेला प्रोग्रॅम) चुकलं तर खोट डेटात आहे की आपल्या कोडमध्ये, याचाही पत्ता लागत नाही. स्वतः लिहिलेल्या गेममध्ये हा अंधार नसतो. प्रत्येक आकड्याचा जन्म तुम्ही पाहिलेला असतो आणि डेटा हवा तितका तयार करता येतो. फायदा उलट बाजूनंही होतो. शिकणारा खेळाडू गेममधल्या अशा चुका उकरून काढतो ज्या माणसाच्या हाताला कधी लागल्याच नसत्या. त्याची एक गोष्ट पुढे सांगते.

ही सांगड जुनी आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या आर्थर सॅम्युअल यांनी १९५९ साली चेकर्स हा पटावरचा खेळ खेळायला शिकणाऱ्या प्रोग्रॅमवर शोधनिबंध लिहिला, आणि ‘मशीन लर्निंग’ हे शब्द त्या निबंधाच्या शीर्षकातच आहेत. चेंडू आणि फळीचं म्हणाल, तर १९७२ साली अटारी कंपनीत नव्यानं आलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांना कंपनीचे सहसंस्थापक नोलन बुशनेल यांनी हात बसावा म्हणून जे काम दिलं, त्यातून पाँग हा गेम तयार झाला. सरावासाठी निवडलेलं हे काम आजही सरावासाठी तितकंच चांगलं आहे.

सामान

पायथन आणि त्यावरची पायगेम ही लायब्ररी, एवढ्यावर सुरुवात करा. पायथन अशासाठी की मशीन लर्निंगची बहुतेक साधनं त्याच भाषेत हाताशी आहेत, त्यामुळे भाषा बदलावी लागत नाही. गोडो किंवा युनिटीसारखी गेम इंजिनं उत्तम आहेत. गोडो तर पूर्णपणे मुक्त स्रोत आहे. पण इंजिन बऱ्याच गोष्टी तुमच्या वतीनं करून टाकतं आणि इथे त्याच गोष्टी एकदा हातानं करून पाहायच्या आहेत. इंजिनाकडे नंतर जा, तेव्हा ते पडद्याआड काय करतंय हे ओळखू येईल.

व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी आणि क्लासची तोंडओळख एवढं पायथन येत असेल तर पुरे. ‘आधी भाषा पूर्ण शिकतो, मग गेम’ असं म्हणणारे भाषेतच अडकून बसलेले मी पाहिलेत. गणिताचंही तसंच. वेग, अंतर, गुणाकार, सरासरी आणि थोडी शक्यता एवढ्यावर या लेखाच्या शेवटापर्यंत पोहोचता येतं. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

गिट, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन, मात्र पहिल्या दिवसापासून वापरा. गेम चालू स्थितीत असला की लगेच कमिट करा, म्हणजे ती आवृत्ती साठवा. प्रयोग बिघडला तर मागे फिरायला जागा राहते, आणि ती जागा आहे म्हणून माणूस बिनधास्त प्रयोग करतो.

गेमचं चाक

कुठलाही गेम एका लूपवर चालतो. कळा दाबल्यात का बघायचं, जग थोडंसं पुढे सरकवायचं, चित्र काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. अशी प्रत्येक फेरी म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फेरीला साधारण १६.७ मिलीसेकंद मिळतात.

खिडकी ६०० पिक्सेल रुंद आणि ४०० पिक्सेल उंच घ्या. चेंडू १० पिक्सेलचा चौकोन, फळी ८० रुंद आणि १० जाड. पहिल्या दिवशी एवढंच करा: एक चौकोन पडद्यावर दिसू द्या आणि दर फ्रेमला त्याच्या आडव्या आकड्यात ५ मिळवा. चौकोन उजवीकडे चालू लागतो. तो क्षण मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर आपटून परत येऊ द्या. त्यासाठी आडव्या वेगाचं चिन्ह उलटं करायचं, बास. लक्षात ठेवा, खिडकीत उभा आकडा वरून खाली वाढतो, शाळेतल्या आलेखाच्या उलट. या एका गोष्टीनं पहिल्या आठवड्यात सगळ्यांचाच गोंधळ होतो.

‘दर फ्रेमला ५ पिक्सेल’ असं लिहिलंत तर वेगवान संगणकावर चेंडू पळत सुटेल आणि मंद संगणकावर रांगेल. म्हणून वेग नेहमी सेकंदाच्या हिशेबात लिहा, म्हणजे सेकंदाला ३०० पिक्सेल, आणि त्याला सरलेल्या वेळानं गुणा. आपल्या कामासाठी मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. सरलेला वेळ मोजण्यापेक्षा जग नेहमी सेकंदाच्या साठाव्या भागानंच पुढे सरकवा. असं केल्यानं तोच डाव पुन्हा तसाच घडवता येतो, आणि यंत्राला शिकवताना याची किंमत कळते.

आता एक खोड काढून बघा. चेंडूचा वेग सेकंदाला १५०० पिक्सेल करा. मधूनच चेंडू फळीच्या आरपार जाईल. कोडमध्ये टकरीची तपासणी तर बरोबर आहे, मग असं का? एका फ्रेममध्ये चेंडू २५ पिक्सेल पुढे जातो. समजा फळी ३७८ ते ३८८ या उंचीवर आहे. या फ्रेममध्ये चेंडू ३६५ ते ३७५ वर होता, म्हणजे फळीच्या वर. पुढच्या फ्रेममध्ये तो ३९० ते ४०० वर पोहोचला, म्हणजे फळीच्या खाली. दोन्ही वेळा तो फळीला शिवलेला नाही, आणि मधल्या प्रवासाकडे आपण पाहिलंच नाही. उपाय सोपा आहे. एका फ्रेमचे चार-पाच तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर टक्कर तपासायची. हा दोष गेम बनवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो, तेव्हा तो मुद्दाम घडवून नीट न्याहाळा.

चेंडू फळीवरून नेहमी एकाच कोनात परतत असेल तर खेळाला चव येत नाही. अल्कॉर्न यांनी पाँगमध्ये फळीचे आठ भाग पाडले होते आणि कुठल्या भागावर चेंडू आदळला त्यावर त्याचा कोन ठरत असे. तुम्हीही तसं करा. कडेला लागला तर तिरपा जाईल, मध्ये लागला तर सरळ वर. चार ओळींचं काम आहे, पण त्यानंतर गेम हातातून सोडवत नाही.

चित्र वेगळं, खेळ वेगळा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. खेळाचे नियम आणि पडद्यावरचं चित्र यांचं कोड एकमेकांत मिसळू नका.

गेमचा एक क्लास करा आणि त्यात तीन फंक्शन ठेवा. पहिलं ‘रीसेट’. ते नवा डाव मांडतं आणि चेंडू कुठून, कुठल्या दिशेनं निघेल हे यदृच्छेनं ठरवतं. दुसरं ‘स्टेप’. त्याला एक कृती द्यायची: डावीकडे, उजवीकडे किंवा जागेवर. ते जग एका पावलानं पुढे नेतं आणि तीन गोष्टी परत देतं: आता जगाची स्थिती काय आहे, या पावलाला बक्षीस किती, आणि डाव संपला का. तिसरं ‘ड्रॉ’, ज्याचं काम फक्त रंगवणं. पायगेमचं नाव या तिसऱ्या फंक्शनबाहेर खेळाच्या नियमांमध्ये कुठेही दिसता कामा नये.

कळफलकावरून तुम्ही खेळता तेव्हा दाबलेली कळ ‘स्टेप’ला द्यायची. यंत्र खेळतं तेव्हा त्यानं निवडलेली कृती द्यायची. गेमला समोर कोण बसलंय हे कळतही नाही. आणि यंत्राला शिकवताना ‘ड्रॉ’ला हाकच मारायची नाही. चित्र काढायचं नसलं की साध्या लॅपटॉपवरही थोड्या वेळात हजारो डाव होऊन जातात.

एका डावाला कमाल पावलांची मर्यादाही घाला. चांगला खेळाडू चेंडू पडूच देत नाही आणि मग डाव संपतच नाही.

नियमांनी खेळणारा

शिकणाऱ्या यंत्राआधी एक अडाणी खेळाडू बसवा. चेंडू फळीच्या मध्यापेक्षा डावीकडे असेल तर डावीकडे, उजवीकडे असेल तर उजवीकडे, आणि अंतर ५ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर जागेवर. ती ५ पिक्सेलची मोकळीक काढून बघा, फळी जागच्या जागी थरथरायला लागते.

हा खेळाडू दोन कारणांसाठी हवा. एक म्हणजे पुढे जे काही शिकवाल ते याच्याशी ताडून बघायचं. तीन अटी जे काम करतात ते तुमच्या मॉडेलला जमत नसेल तर मॉडेल अजून शिकलेलं नाही, आलेख कितीही देखणा असो. दुसरं म्हणजे गेममधले बहुतेक प्रतिस्पर्धी आजही अशाच नियमांवर चालतात. १९८० सालच्या पॅकमॅनमधली भुतं शिकत वगैरे काही नव्हती. एक भूत खेळाडू आहे त्या चौकोनाकडे येतं, दुसरं त्याच्या पुढच्या काही चौकोनांकडे रोख धरतं, तिसरं जवळ आलं की माघार घेतं. खेळणाऱ्याला मात्र वाटतं की ही सगळी कट करून आपल्याला घेरतायत. प्रत्येक ठिकाणी मशीन लर्निंग घालायची गरज नसते, हे शिकाऊ माणसाला जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

तुमचा खेळ पाहून शिकणारा

आता मशीन लर्निंग. सुरुवात त्यातल्या सगळ्यात परिचित प्रकारानं करू: उत्तरासकट उदाहरणं द्यायची आणि नव्या प्रश्नाचं उत्तर मागायचं.

तुम्ही स्वतः २० डाव खेळा. प्रत्येक फ्रेमला एक ओळ फाइलमध्ये लिहा: डावाचा क्रमांक, चेंडूचं आडवं-उभं स्थान, त्याचे दोन्ही वेग, फळीचं स्थान, आणि तुम्ही दाबलेली कळ. डाव सरासरी अर्धा मिनिट चालला तर ३६,००० ओळी जमतील. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतलं डिसिजन ट्री, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांनी उत्तर शोधणारं मॉडेल, घ्या, खोली चारच्या आसपास ठेवा, आणि त्याला स्थितीवरून कळ ओळखायला लावा. ट्रीचा मोठा गुण म्हणजे त्यानं काय नियम बनवले ते छापून वाचता येतात.

वाचल्यावर पहिली निराशा होईल. ‘चेंडूचं स्थान २१० पेक्षा कमी’, ‘फळीचं स्थान १८० पेक्षा जास्त’ अशा तुटक पायऱ्यांचा जिना दिसेल. कारण ट्री एका वेळी एकाच रकान्यावर छेद घेतं, आणि ‘चेंडू फळीच्या डावीकडे आहे’ ही गोष्ट दोन रकान्यांच्या नात्यात आहे. आता एक नवा रकाना तयार करा, चेंडूच्या स्थानातून फळीचं स्थान वजा करून. पुन्हा शिकवा. ट्री याच रकान्यावर पहिला छेद घेईल आणि सगळा जिना दोन-तीन ओळींत आटोपेल. डेटाची मांडणी मॉडेलइतकीच महत्त्वाची असते असं ऐकायला मिळतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

यापुढे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, अचूकतेचा आकडा. समजा १०० पैकी ७० ओळींत तुम्ही कुठलीच कळ दाबलेली नाही. मग काहीही न बघता कायम ‘जागेवर’ म्हणणारं मॉडेलही ७० टक्के बरोबर ठरतं, आणि खेळायला बसवलं की पहिलाच चेंडू सोडतं. म्हणून डावी, उजवी आणि जागेवर या तिन्हींची अचूकता वेगवेगळी बघा.

दुसरं जास्त फसवं आहे. मॉडेल तपासायला काही डेटा बाजूला ठेवावा लागतो, आणि सगळ्या ओळी पिसून त्यातल्या वीस टक्के काढणं ही सवयीची पद्धत. इथे ती चालत नाही. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये जेमतेम ५ पिक्सेलचा फरक असतो. एक ओळ शिकवणीत आणि तिची जुळी बहीण परीक्षेत आली, तर मॉडेलनं पेपर आधीच पाहिलेला असतो. मला बराच काळ ९० टक्क्यांच्या वरचे गुण दिसत होते आणि पडद्यावर फळी मात्र भलतीकडेच पळत होती. तेव्हा कुठे हे ध्यानात आलं. डाव पूर्णच्या पूर्ण बाजूला ठेवा: १६ डाव शिकवायला, ४ तपासायला. डावाचा क्रमांक फाइलमध्ये लिहायला सांगितला तो याचसाठी.

एवढं करूनही मॉडेल एक चूक करेल आणि मग पार ढेपाळेल. फळी कोपऱ्यात जाऊन अडकते, चेंडू दुसऱ्या टोकाला असतो, आणि मॉडेलला काही सुचत नाही. तुम्ही खेळताना अशा स्थितीत कधी गेलाच नव्हता, त्यामुळे तिथून बाहेर कसं यायचं याचं एकही उदाहरण त्याच्याकडे नाही. हाच पेच कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डीन पोमरलू यांच्यासमोर १९८९ च्या सुमारास आला होता. त्यांचं अ‍ॅल्विन हे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून आपले आतले आकडे जुळवत शिकणारं मॉडेल) माणसाचं पाहून गाडी चालवायला शिकत होतं. चांगला चालक रस्त्याच्या मधोमधच राहतो, मग गाडी कडेला गेली तर काय करायचं हे नेटवर्कला शिकवणार कोण? त्यांनी कॅमेऱ्यातली चित्रं थोडी डावी-उजवीकडे सरकवून, गाडी भरकटल्यासारखी उदाहरणं तयार केली आणि त्यांना परतीची दिशा जोडली. तुमच्या हाती तर अख्खं जग आहे. अधूनमधून फळी उचलून भलत्याच जागी ठेवा आणि तिथून खेळून दाखवा. अशा चार-पाच डावांनी मॉडेल ओळखू येणार नाही इतकं सुधारतं.

चुकांमधून शिकणारा

आता कुणी शिक्षक नाही. चेंडू फळीनं टोलवला की +१, खाली पडला की −१, बाकी सगळ्या वेळी शून्य. यंत्रानं यावरून स्वतःच मार्ग काढायचा. याला रीइन्फोर्समेंट लर्निंग म्हणतात. त्यातली क्यू-लर्निंग ही पद्धत ख्रिस वॉटकिन्स यांनी १९८९ मध्ये मांडली, आणि ती हातानं लिहिण्याइतकी लहान आहे.

एक मोठा तक्ता कल्पा. प्रत्येक ओळ म्हणजे जगाची एक स्थिती, आणि तीन रकाने म्हणजे तीन कृती. घरातला आकडा सांगतो की या स्थितीत ही कृती केली तर पुढे एकूण किती बक्षीस मिळेल असं सध्या वाटतंय. सुरुवातीला सगळीकडे शून्य.

पिक्सेलनं पिक्सेल मोजला तर तक्ता आवाक्याबाहेर जाईल, म्हणून स्थितीचे कप्पे पाडायचे. चेंडूच्या आडव्या जागेचे १२, उंचीचे ८, फळीच्या जागेचे १२, चेंडू वर जातोय की खाली याचे २, आडव्या वेगाचे ४ असे कप्पे घेतले तर ९,२१६ स्थिती होतात आणि तीन कृतींची मिळून २७,६४८ घरं. त्याऐवजी चेंडू आणि फळी यांच्यातल्या अंतराचेच १५ कप्पे घेतले आणि दोघांच्या वेगवेगळ्या जागा सोडून दिल्या, तर ९६० स्थिती आणि २,८८० घरं उरतात. मघाचा वजाबाकीचा रकाना इथेही धावून आला. यात भिंत किती जवळ आहे ही माहिती गेली, पण सुरुवातीला छोटा तक्ताच घ्या. तो लवकर भरतो.

शिकणं म्हणजे घरातला एक आकडा थोडासा हलवणं. एक घर उदाहरणादाखल बघू. त्यात आता ०.२० आहे. ती कृती केली, बक्षीस मिळालं शून्य, आणि ज्या नव्या स्थितीत पोहोचलो तिथल्या तीन घरांतला सगळ्यात मोठा आकडा आहे ०.८०. पुढचं बक्षीस आजच्या बक्षिसापेक्षा थोडं कमी मोलाचं धरायचं, समजा ०.९५ पट. ०.८० × ०.९५ म्हणजे ०.७६. आपला अंदाज ०.२० होता, म्हणजे ०.५६ नं चुकला. ही चूक एकदम भरून काढायची नाही, तिचा दहावा भाग घ्यायचा: ०.०५६. नवा आकडा ०.२५६. एवढंच गणित, लाखो वेळा. चेंडू टोलवल्याचं बक्षीस आधी शेवटच्या क्षणाच्या घरात पडतं, मग त्याच्या आधीच्या, मग त्याच्याही आधीच्या, असं मागे मागे झिरपत जातं. हा हिशेब एकदा कागदावर पेननं करा. तयार लायब्ररी वापरून जे धूसर राहतं ते इथे लख्ख होतं.

कृती निवडताना सुरुवातीला पूर्णपणे यदृच्छा चालू द्या आणि हळूहळू तक्त्यावर भरवसा वाढवत न्या. थोडी यदृच्छा शेवटपर्यंत राहू द्या, नाहीतर पहिल्यांदा जे बरं वाटलं तेच यंत्र धरून बसतं.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बहुतेक जण पडतात. दर फ्रेमला निर्णय घेतला, तर चेंडू खाली यायला लागणाऱ्या एका सेकंदात ६० निर्णय होतात. ०.९५ ला ०.९५ नं गुणत ६० पायऱ्या मागे गेलं की बक्षिसाचा पाच टक्केसुद्धा अंश उरत नाही. सुरुवातीच्या हालचालींपर्यंत काही पोहोचतच नाही. एकच कृती सलग चार फ्रेम चालू ठेवा. आता सेकंदाला १५ निर्णय झाले आणि तेवढ्याच अंतरावर ४६ टक्के बक्षीस शाबूत राहतं. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या ज्या प्रोग्रॅमनं अटारीचे जुने गेम पडद्यावरच्या पिक्सेलवरून शिकून घेतले, त्यातही बहुतेक गेममध्ये दर चौथ्या फ्रेमलाच निर्णय घेतला जाई, आणि पुढच्या बक्षिसाची पट ०.९९ ठेवली होती.

३०० टोले, आणि चेंडू हललाच नाही

आता ती गोष्ट. डावागणिक मिळणाऱ्या बक्षिसाचा माझा आलेख बराच वेळ शून्याभोवती घोटाळला आणि मग एकाएकी उभा चढला. एका डावात ३०० टोले. मी हरखून चित्र चालू केलं आणि खेळ बघायला बसले. फळी चेंडूच्या खाली जात नव्हती. ती बाजूला थांबायची, चेंडू तिच्या उंचीपर्यंत खाली येऊ द्यायची, आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याच्यावर आडवी सरकायची. चेंडू फळीच्या पोटात शिरायचा. माझं कोड म्हणायचं की टक्कर झाली, उभा वेग उलटा करा. पुढच्या फ्रेमलाही चेंडू आतच, म्हणजे पुन्हा टक्कर, पुन्हा वेग उलटा. चेंडू आतल्या आत थरथरत राहायचा आणि प्रत्येक थरथरीला +१.

ही चूक मी केलेल्या गेममध्ये पहिल्या दिवसापासून होती. मी शेकडो वेळा खेळूनही ती मला दिसली नव्हती, कारण माणूस असा खेळतच नाही. दुरुस्ती दोन ओळींची: चेंडू खाली जात असेल तेव्हाच वेग उलटा करायचा, आणि टक्कर झाली की चेंडू उचलून फळीच्या वरच्या कडेला ठेवायचा. ओपनएआयनं २०१६ मध्ये होड्यांच्या शर्यतीचा असाच एक प्रकार दाखवला होता. शर्यत पूर्ण करण्याऐवजी होडी एका खाडीत गोल गोल फिरत पुन्हा पुन्हा उगवणारी गुणांची लक्ष्यं टिपत राहिली, कारण बक्षीस गुणांना होतं.

म्हणून आलेखावर विसंबू नका, दर काही शे डावांनी चित्र चालू करून खेळ बघा. बक्षीस ठरवतानाही हात आखडता ठेवा. फळी उगाच हलू नये म्हणून मी हालचालीला छोटा दंड लावला होता, तर ती चक्क हलायचीच थांबली. आणि एकदा जमलं म्हणून जमलं असं समजू नका. यदृच्छेचं बीज (ज्या आकड्यापासून संगणक यदृच्छ आकडे काढतो तो) बदलून निदान पाच वेळा पहिल्यापासून शिकवा. पाचपैकी एकदाच जमत असेल तर अजून काम बाकी आहे.

पुढे काय

‘रीसेट’ आणि ‘स्टेप’ ही जोडी आपण मनानं काढलेली नाही. ओपनएआय जिमनं २०१६ मध्ये ती रुळवली आणि आता जिम्नॅझियम ही लायब्ररी तिची परंपरा चालवते. तुमचा गेम तिच्या साच्यात बसवायला थोडेच बदल लागतील. त्यानंतर स्टेबल-बेसलाइन्स३ या लायब्ररीतल्या तयार पद्धती त्यावर चालवता येतात. जिम्नॅझियममधला कार्टपोल, म्हणजे गाडीवर उभी काठी तोलण्याचा खेळ, तक्त्याच्याच पद्धतीनं सोडवून बघा. त्यात स्थितीचे आकडे चारच आहेत आणि कृती दोन.

न्यूरल नेटवर्ककडे वळायचं ते तक्ता हात टेकतो तेव्हा. त्यासाठी सापाचा गेम लिहा, १० गुणिले १० चौकोनांचा. सापाचं अंग जितक्या तऱ्हांनी वळू शकतं त्या सगळ्यांना तक्त्यात घर देणं अशक्य आहे, आणि नेटवर्क कशासाठी हवं हे तिथे आपोआप कळतं.

त्याआधी चेंडूफळीतच एक काम करून घ्या. शिकवताना तक्ता तीनदा फाइलमध्ये साठवा, ५०० डावांनंतर, २,००० डावांनंतर आणि १०,००० डावांनंतर. मग वरच्या भिंतीच्या जागी दुसरी फळी आणा. उभा आकडा आणि उभ्या वेगाचं चिन्ह उलटं करून दिलं की तोच तक्ता वरून खेळू लागतो. तीन फाइली म्हणजे सोपा, मध्यम आणि कठीण असे तीन प्रतिस्पर्धी. कच्च्या तक्त्याची फळी कधी कधी विनाकारण झटके देते आणि समोरच्याला तो प्रतिस्पर्धी नवशिका न वाटता बिघडलेला वाटतो. तेव्हा गेम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, गप्प बसून त्यांचा चेहरा बघा, आणि कुठला साठा ठेवायचा ते त्यावरून ठरवा.